दोरीपासून सव्वा फूट वर

नकाशा वाचता येत नाही हे मोकळेपणाने कबूल करणारं माणूस मला चौतीस वर्षांत एकच भेटलं. ती खारदांड्याची एक कोळीण होती. बाकी सगळे, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर असोत की कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक, कागदाकडे बघत "हं, हं" करतात, मग एका चौकोनावर बोट ठेवून "हा हॉल ना?" विचारतात, आणि बोट असतं संडासावर. आपणही मान हलवायची आणि हळूच कागद सरकवून बोट हॉलवर आणायचं. हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी जमायला लागलं होतं.

मी सिव्हिल ड्राफ्ट्समन. सर्टिफिकेटवर तसंच लिहिलेलं आहे आणि मी ते कधी बदलून घेतलं नाही. सुरुवातीला अंधेरीच्या एका आर्किटेक्टकडे नकाशे काढले, पण पुढे दुसऱ्यांनी काढलेले नकाशे तपासणं हेच माझं काम झालं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली इथल्या टेकड्यांच्या उतारावर जुन्या प्लॉटवाल्या सोसायट्या आहेत. जमीन सोसायटीची, प्लॉट सभासदाचा, घर त्याने स्वतः बांधायचं. पण बांधण्याआधी नकाशा सोसायटीच्या समितीपुढे ठेवायचा, तिथे पास झाला की मग पालिकेत. समितीत तीन-चार सभासद असतात आणि ज्याला खरंच नकाशा कळतो असा बाहेरचा एक माणूस. तो बाहेरचा माणूस मी.

लोक विचारतात, पालिका तपासतेच, मग तुमचं काय काम? घर उभं राहील का, हे पालिका बघते. ते उभं राहिल्यावर शेजारी एकमेकांशी बोलतील का, हे आम्ही बघतो. सपाट जागेवर शेजाऱ्याचं घर शेजारी असतं. उतारावर ते तुमच्या डोक्यावर किंवा पायाखाली असतं. खालच्याची गच्ची म्हणजे वरच्याच्या स्वयंपाकघराची खिडकी. वरच्याचं सांडपाणी म्हणजे खालच्याच्या देवघराची ओल. छप्पर किती उंच, मागची दगडी भिंत किती जाड, पावसाचं पाणी कुठून कुठे जाणार आणि कोणाचा उजेड अडणार, एवढं बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. करायलाही सोपंच आहे, माणसं मध्ये आली नाहीत तर.

तर ती कोळीण. तिच्या भावाने घाटकोपरला उतारावर प्लॉट घेतला होता आणि बहिणीला विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नसे. मासळीची पाटी कोणाकडे तरी सोपवून ती ऑफिसात आली. मी अर्धा तास नकाशा समजावला. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाय, तू बोलतस ते सगला बरोबर असल. पन मना कागद कलत नाय. आमी बोंबील सुकवाला बांबू उभं करताव ना, तसं उभं कर, दोरी बांध. मंग सांगतं."

मी मनात हसले, पण गेले. चार कोपऱ्यांत चार बांबू रोवले आणि छप्पर जिथे येणार त्या उंचीला दोरी ताणली. ती वरच्या रस्त्यावर उभी राहिली, पदर खोचला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "या छपराचा पानी त्या खालच्या म्हातारीच्या दारान जाल." बरोबर होतं. तो नकाशा मी आठ दिवस टेबलावर घेऊन बसले होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मला लाज वाटली, पण धडा फुकट मिळाला.

तेव्हापासून माझ्या सगळ्या सोसायट्यांत दोरी लागू झाली. रविवारी सकाळी मांडववाला बांबू आणतो. कोपरे मी आखून देते. गच्ची जिथे संपणार त्या पातळीला पांढरी नायलॉनची दोरी बांधली जाते आणि आठ दिवस तशीच राहते. आजूबाजूच्यांनी आपापल्या खिडकीतून बघायचं आणि कोणाला हरकत असेल तर ऑफिसातल्या वहीत लिहायची: नाव, प्लॉट नंबर, हरकत, हरकतीचं कारण. ज्याचं घर आहे त्याने त्या सकाळी सगळ्यांना पोहे आणि चहा द्यायचा, हे कुठेही लिहिलेलं नाही, पण हा नियम कोणी मोडला नाही. दोरीला कायद्याने काही किंमत नाही. पण कागदावर सही करून नंतर कोर्टात गेलेले लोक मी पाहिलेत. दोरी बघून "ठीक आहे" म्हणालेला माणूस कोर्टात गेल्याचं मला आठवत नाही.

नमुनेही भरपूर भेटले. एका गृहस्थांनी मोजणीच्या आधी प्लॉटवर ट्रकच्या ट्रक माती टाकून घेतली. उंची मूळ जमिनीपासून मोजतात, तेव्हा जमीनच वर आणली की एक मजला जास्त मिळतो, असा हिशेब. मला म्हणाले, "मॅडम, ही नैसर्गिक पातळी." प्लॉटच्या मधोमध आंब्याचं झाड होतं, त्याच्या फांद्या थेट जमिनीतून निघालेल्या. मी विचारलं, "या आंब्याला बुंधा नाहीये का?" ते म्हणाले, "कलमी आहे." दुसरे एक वास्तुशास्त्रवाले होते. त्यांना उतार ईशान्येला हवा होता आणि डोंगर नेमका उलट्या बाजूला उतरत होता. "काही अॅडजस्ट होईल का?" त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं. बोरिवलीचे एक निवृत्त हेडमास्तर प्रत्येक दोरीवर हरकत घेत. एकदा स्वतःच्या मुलाच्या दोरीवरही घेतली, कारणाच्या रकान्यात लिहिलं, "तत्त्व म्हणून".

या गमती मी अनेकदा सांगितल्या आहेत. पुढची गोष्ट घरातही सांगितलेली नाही.

मुलुंडच्या डोंगराला लागून एक सोसायटी आहे. गिरणीतल्या कारकून आणि जॉबर, म्हणजे मुकादम, मंडळींनी ती काढली, तेव्हा तिकडे पाणीही नव्हतं आणि लोक त्यांना वेड्यात काढत होते. त्यातले बहुतेक आता नाहीत. वरच्या ओळीत परबकाका आणि परबकाकू राहतात. एकमजली, मंगलोरी कौलांचं घर. काका मालवणकडचे, गिरणीत जॉबर होते. गिरणी गेल्यावर त्यांनी साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये उरलेली वर्षं काढली. काकूंचे गुडघे गेलेले, घरातल्या घरात भिंतीला धरून चालतात. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली.

त्यांच्या बरोबर खालचा प्लॉट संदेश मयेकरचा. संदेश गोरेगावच्या स्टुडिओत सेट उभारतो. वीस वर्षं त्याने प्लायवूडचे बंगले, थर्माकोलची देवळं आणि मागून मोकळ्या अशा हवेल्या बांधल्या आणि शूटिंग संपलं की पाडल्या. आईवडिलांनी ठेवलेल्या प्लॉटवर आता त्याला स्वतःचं, चार बाजूंनी भिंती असलेलं घर बांधायचं होतं. हे तोच हसत हसत सांगायचा. नकाशा चांगला होता. नियमात होता.

दोरीच्या रविवारी एक अडचण झाली. पातळी घेण्याचं माझं यंत्र दुरुस्तीला दिलेलं होतं. मी म्हटलं, त्यात काय, पाण्याची नळी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पारदर्शक लांब नळीत पाणी भरायचं, दिसावं म्हणून त्यात थोडी कपड्यांची नीळ घालायची. नळीचं एक टोक इथे धरा, दुसरं शंभर फुटांवर धरा, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं. गवंडी आजही यावर घरं बांधतात. नव्या पोरांना मी अभिमानाने सांगायचे की यंत्र बिघडेल, पाणी बिघडत नाही. फक्त एक पथ्य आहे. नळीत हवेचा फुगा राहता कामा नये. राहिला तर पाणी खोटं बोलतं. म्हणून नळीची दोन्ही तोंडं शेजारी-शेजारी धरून पाणी जुळतंय का हे बघायचं, आणि नळी हलवली की परत बघायचं.

वरच्या रस्त्यावर पाण्याच्या टाकीची पायरी हे त्या सोसायटीचं शून्य. सगळ्या उंच्या तिथून मोजायच्या. गणपत मिस्त्रीने नळी भरली, आम्ही तोंडं जुळवून बघितली, बरोबर होती. मग नळी मधल्या जुन्या दगडी भिंतीवरून खाली संदेशच्या प्लॉटवर टाकली. आता परत बघायला हवं होतं. त्याच वेळी चेअरमन साळवी पोह्यांची बशी घेऊन आले आणि शेजारच्या प्लॉटच्या फणसाच्या फांदीबद्दल भांडण सुरू झालं. मी ते सोडवत बसले. गणपत खालून ओरडला, "मॅडम, खूण करू?" मी बशीतून मान वर न करता म्हणाले, "कर."

त्या खुणेवरून दोरी बांधली गेली.

पोहे आटपल्यावर मी एकेका घरी जाऊन खिडकीतून दोरी दाखवत होते, तशी परबकाकूंकडेही गेले. काका ओसरीवर बसलेले. मला बघून म्हणाले, "कोणाचा चेडू गो तू?" चेडू म्हणजे पोर, आणि मी एकसष्ट वर्षांची. मी म्हटलं, "सावंतांचं." ते खूश झाले. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्या दोरीच्या वर काही येणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. नुसती लोखंडी रेलिंग, आरपार दिसणारी. तुमच्या सोसायटीचा नियमच आहे."

"पण गच्ची? गच्ची ह्याच्या वर नाही ना येणार?"

"नाही हो काकू."

"नक्की ना?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर मी जरा त्रासिक आवाजात म्हणाले, "एक इंचही नाही. माझा शब्द." त्यांनी मान डोलावली. वहीत त्यांची हरकत आली नाही. आठ दिवसांनी मी मंजुरीची सही केली आणि दोरीचे फोटो नेहमीप्रमाणे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी अंगठे दिले.

पावसाळा संपल्यावर संदेशचं घर भराभर वर आलं. एक दिवस दुपारी काकूंचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, शंका होती.

"मॅडम, एक विचारू? दोरी ताणली तरी मधे खाली येते का हो?"

"झोळ पडतो थोडा. बोटभर. का?"

"नाही, तसंच. मला खालच्या रस्त्याचं वळण दिसेनासं झालंय."

मी म्हटलं, सेंटरिंगच्या फळ्या असतील, त्या निघाल्या की दिसेल. फोन ठेवला. सेंटरिंग स्लॅबच्या खाली असतं, वर नाही. हे मला कोणी सांगायला नको होतं, तरी मी भलतंच बोलून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेलं यंत्र घेऊन मुलुंडला गेले.

संदेशच्या घराची पातळी घेतली. नकाशाप्रमाणे तंतोतंत. म्हणजे घर बरोबर होतं. मग काकूंच्या खुर्चीत जाऊन बसले. समोर स्लॅबसाठी ठोकलेल्या फळ्यांची कड आणि तिच्यापलीकडे नुसते झाडांचे शेंडे. मोबाईलवर याच खिडकीतून टिपलेला दोरीचा फोटो उघडून पुढे धरला. फोटोत दोरीच्या वर रस्त्याचं वळण होतं, नाल्यावरच्या मोरीचा कठडा होता, त्याच्याखालचा सिमेंटचा रस्ताही होता.

"काकू, त्या वळणाचं एवढं काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी दाराकडे बघितलं. काका बाहेर ओसरीवर होते. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांना विसरायला होतं. दोन वर्षं झाली. सोसायटीत कोणाला माहीत नाही. लेकीला पण मी अर्धंच सांगितलंय."

मी मोबाईल खाली ठेवला.

"सकाळी एक फेरी मारतात. मोरीच्या कठड्याला हात लावायचा आणि परत यायचं. पन्नास वर्षं तेच करतायत, म्हणून ते तेवढं पायात आहे. ह्यांना घरात डांबलं ना, तर दोन दिवसांत वाट लागते, आरडाओरडा करतात. मला काय उतरता येत नाही. मग मी इथून बघते. वळणावर दिसले, हात लावला, परत फिरले की चहा टाकते. नाही फिरले, पुढे मेन रोडकडे निघाले, की वॉचमनला फोन करते, काकांना जरा हाक मार, दूध राहिलंय म्हणून. त्याला वाटतं मला सारखं दूध लागतं."

"हे तुम्ही दोरीच्या वेळी का नाही सांगितलं?"

"वहीत कारण लिहायला लागतं ना," काकू म्हणाल्या. "वही सगळे वाचतात."

ते खरं होतं. तो रकाना माझाच. कारण नसताना हरकत घेणाऱ्या हेडमास्तरांसारख्या लोकांना आळा बसावा म्हणून मी तो घातला होता.

"आणि तुम्ही म्हणालात ना, एक इंचही नाही."

बाहेर येऊन मी फोटो परत उघडले. एका फोटोत मी, बशी आणि साळवी होतो आणि मागे दगडी भिंतीवरून गेलेली नळी. मोठा करून बघितला. निळी नळी भिंतीच्या माथ्यापर्यंत येते, तिथून पलीकडच्या उतरणीवर हातभर नळीत रंगच नाही, मग परत निळी. हवा. नळी भिंतीवरून टाकताना आत अडकलेली. त्या हातभर हवेने खालची खूण सव्वा फूट खाली नेली आणि त्या खुणेवर माझी दोरी. पुरावा इतके महिने सगळ्या सोसायटीच्या खिशात होता. अंगठा देणाऱ्यांत मीही होते.

खरं सांगायचं तर तिथे रस्त्यावर उभं राहून मी बराच वेळ गप्प बसण्याचा विचार केला. नकाशा बरोबर, घर बरोबर, मंजुरी बरोबर. दोरी कधीच काढून टाकलेली. काकू कोणाला सांगणार नव्हत्या, कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्यांचं गुपितच मला वाचवत होतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि तो आला याची मला अजूनही शरम वाटते.

त्या रविवारी मी समितीपुढे सांगितलं. काकांबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच सांगितलं की दोरी सव्वा फूट खाली बांधली गेली, चूक माझी, आणि परबकाकूंची संमती त्या दोरीला होती, या घराला नव्हती.

साळवी चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, कशाला उगाच? प्लॅन पास आहे ना? मग दोरीला कोण विचारतंय?"

"साहेब, आजपर्यंत दोरीलाच विचारत आलोय."

संदेश ताडकन उठला. "म्हणजे काय मॅडम? चूक तुमची आणि घर माझं? कॉलम भरून झालेत माझे. परवा स्लॅब आहे. आता सव्वा फूट खाली घेऊ? खोलीत वाकून चालू?"

"खाली घे असं मी म्हणत नाही."

"मग काय म्हणताय?"

"एकदा वर येऊन काकूंच्या खिडकीत बस."

"व्ह्यूसाठी?" तो कडवटपणे हसला. "व्ह्यू सगळ्यांनाच पाहिजे यार."

तो रागावला होता आणि त्याचा राग बरोबर होता. नियमाने वागलेला त्या सगळ्यात तो एकटाच होता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आला. काकूंनी त्याला चहा दिला, खुर्ची दिली आणि काय वाटलं कोण जाणे, मला जे सांगितलं होतं ते सगळं त्याला स्वतःहून सांगितलं. मी दारात उभी होते. संदेश एकदम खाली सरकला, काकूंच्या डोळ्यांच्या उंचीला डोकं आणलं, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्यातून बघितलं. कॅमेरा कुठे लागणार हे बघायची सिनेमावाल्यांची ती पद्धत. मग मान तिरकी करून पुन्हा बघितलं.

"मॅडम, स्लॅब मी दोन फूट बाहेर काढणार आहे ना या कोपऱ्यात, सावलीसाठी? तो कापला तर?"

"थोडं दिसेल."

"आणि वरचा कोबा? विटांचा कोबा धरलाय ना अर्ध्या फुटाचा? तो काढला तर?"

कोबा म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा जाड थर. पाणी आत उतरू नये आणि उन्हाने घर तापू नये म्हणून तो घालतात. मी म्हटलं, "कोबा काढलास तर पातळ केमिकलवर भागवावं लागेल. उन्हाळ्यात वरच्या खोल्या भट्टी होतील. आणि गळणार नाही याची हमी मी देणार नाही."

"तुमच्या हमीचं राहू दे मॅडम," तो म्हणाला.

त्याने कोपरा कापला आणि कोबा घातला नाही. त्याचा कंत्राटदार त्याला वेडा म्हणाला. समितीने "किरकोळ बदल" म्हणून नोंद केली आणि कारण विचारलं नाही, कारण कारणाचा रकाना मी त्या सभेत वहीतून काढून टाकायला लावला होता. मला एवढंच करता आलं.

सेंटरिंग उतरल्यावर शेवटच्या तपासणीला मी गेले, तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. हे माझं त्या सोसायटीतलं शेवटचं काम. काम सोडत असल्याची नोटीस मी आधीच दिली होती. माझ्या कागदावर शेवटची ओळ असते: शेजाऱ्यांची हरकत शिल्लक आहे काय, हो किंवा नाही. ती ओळ भरायला काकूंकडे गेले.

काका फेरीला निघालेच होते. डोक्यावर पिवळीधमक टोपी, पुढे कुठल्या तरी सिनेमाच्या युनिटचं नाव. संदेशने आणून दिली होती. मला म्हणाले, "कोणाचा चेडू गो तू?" मी परत सांगितलं. ते परत खूश झाले आणि फाटकाबाहेर पडले.

आम्ही दोघी खिडकीत. गच्चीच्या कडेपलीकडे वळण आता दिसत होतं, पण सगळं नाही. कठड्याची वरची किनार आणि तिच्यावर थोडी जागा. पाच मिनिटांनी त्या जागेत पिवळी टोपी आली. नुसती टोपी आणि थोडे खांदे.

"दिसतात ना?" मी विचारलं.

"दिसतात," काकू म्हणाल्या. "आधी पाय दिसायचे हो. आठवत असलं की पाय सरळ पडतात. विसरले की तिथल्या तिथे पाय बदलत राहतात, नव्या जागी आल्यासारखे. मला पायांवरून कळायचं. आता कुठे आहेत ते कळतं, कसे आहेत ते नाही कळत."

टोपी कठड्याशी थांबली. हात लावला की नाही, ते दिसलं नाही. मी चौतीस वर्षं उंच्या मोजल्या होत्या आणि सव्वा फुटात काय-काय मावतं याचा मला पत्ता नव्हता. मला रडू येत होतं आणि काकूंच्या घरात मी रडणं शोभलं नसतं.

"काकू, हरकत आहे असं लिहू?" मी कागद पुढे केला. "तुम्ही म्हणाल ते लिहीन."

त्यांनी खिडकीवरची नजर काढली नाही. "नाही लिहा," त्या म्हणाल्या. "त्या पोराला राहायला येऊ दे."

मी "नाही" लिहिलं आणि खाली सही केली. टोपी अजून तिथेच होती. काकूंनी फोन उचलून मांडीवर ठेवला, वॉचमनचा नंबर काढला, पण लावला नाही. मग टोपी हलली. आमच्याकडे की मेन रोडकडे, हे त्या फटीतून पहिल्या दोन-तीन पावलांत कळत नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता थांबायचं," काकू म्हणाल्या.